तेविसावा नियम

“हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… हो, हो, पंचच बोलतेय. या नंबरावर दुसरं कोण उचलणार… अगबाई, वन्सं! ओळखलंच नाही मी. आवाज केवढा खोल गेलाय तुमचा, हौदातून बोलल्यासारखा… नाही, नाही, बोला ना. मध्यंतर आत्ताच लागलंय. पंधरा मिनिटं आहेत. आता चौदा.”

तिनं समोरची पेन्सिल उचलली. अपील ऐकताना तिला हातात पेन्सिल लागतेच. त्या पेन्सिलीनं कधी काही लिहिलं जात नाही, हा भाग वेगळा.

आठवडाभर ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे लोकांच्या चुका काढायची, आणि रविवारी सकाळी तेच काम हौसेनं करायची. अकराच्या ठोक्याला बत्तीस माणसं आपापल्या घरात संगणकासमोर बसत, आणि ऑक्टोपसला हृदयं किती असल्या, जन्मात कुणाच्या कामी न येणाऱ्या माहितीवर हमरीतुमरीवर येत. ही खेळत नसे. ही निवाडा देई. अकरा वर्षांत या ऑनलाइन प्रश्नमंजुषेचे बावीस नियम झाले होते, त्यांतले एकोणीस हिच्या हातचे. आणि अकरा वर्षांत हिनं एकही अपील मान्य केलेलं नव्हतं. तरी लोक मध्यंतरात फोन करतच. कुलूप दिसत असूनही माणूस एकदा कडी वाजवून बघतो, तसं.

वन्संच्या अपिलाची गोष्ट मात्र जरा नाजूक. एक तर त्या नवऱ्याची थोरली बहीण. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या. वर्षाचा चषक चारदा जिंकलेल्या. आणि अकराही वर्षं त्यांच्या एक पायरी खाली राहणारा माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, अर्थात पंचाचा नवरा. तो या घडीला मागच्या खोलीत दार लावून, कानांवर हेडफोन चढवून बसला होता. नियम चौदा: पंचाच्या घरचा खेळाडू पंचापासून वेगळा, बंद दाराआड.

“हं… सातवा प्रश्न. थांबा, काढते… सातवा. ‘जगातलं सर्वांत खोल सरोवर कोणतं?’ बरं. यात तक्रार काय?… तुमचं उत्तर ‘क’ आलंय, वन्सं… अहो, ‘क’ म्हणजे वाळवंट आहे ते. तीन सरोवरं आणि एक वाळवंट. प्रश्न काढणाऱ्यानं गंमत म्हणून घातलं होतं. बत्तीस जणांत ते कोणी निवडलं नाही. म्हणजे एकतीस जणांत… तुम्ही ‘अ’ दाबलं होतं? मग ‘क’ कसं उमटेल? साइट काय वैर धरून बसलीय तुमच्याशी?… अक्षरं हलत होती. हं. पडद्यावरची?… वन्सं, अक्षरं एकट्या तुमच्याकडेच का हलावीत?”

पलीकडून वन्सं बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. तिनं तेवढ्यात गुणांचा तक्ता वर सरकवला.

“हे बघा, स्पष्ट सांगते, रागावू नका. तीसपैकी नऊ आहेत तुमचे… नऊ. एकावर नऊ नाही, नुसते नऊ… मी कशाला थट्टा करू? दंतवैद्याचेसुद्धा सतरा आहेत, आणि तो दात काढता काढता खेळतो म्हणतात… हो, तुमचा भाऊ पुढे आहे. चोवीस… काय बोलता! मी त्यांना उत्तरं सांगते? अहो, साखर कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं तरी त्यांना सापडत नाही… हसताय कसल्या… वन्सं, एवढं हसण्यासारखं काही नव्हतं त्यात.”

वन्संचं हसणं थांबेना. मग ते एकदम थांबलं. वन्सं हसणाऱ्यांतल्या नव्हेत. वर्गात खडू मोडला तरी मुलं दचकायची असा त्यांचा लौकिक. पंचाला वाटलं, हरणं अंगवळणी नसलं की माणूस असं विचित्र वागतं.

“हं, बोला, ऐकतेय… सातवा प्रश्न? अहो, तो झाला की आत्ताच. वाळवंट… नाही, नाही, हे तुम्ही सांगितलंत मघाशी. अक्षरं हलत होती… बरं, दुसरं काय?… डोकं दुखतंय. कधीपासून?… खेळ सुरू झाल्यापासून. मग एखादी गोळी घ्यायची… मळमळतंय पण. रिकाम्या पोटी बसलात असणार. वन्सं, मला वाईट वाटतंय हो, पण नियम अकरा तुम्हाला ठाऊक आहे. प्रकृती ही खेळाडूची जबाबदारी. विमावाल्याला एकशे दोन ताप होता तेव्हा मी एक गुण दिला नव्हता. पुढे त्यानं बोलणंच टाकलं माझ्याशी… हो, अजून टाकलेलंच आहे.”

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर थंडी मी म्हणत होती. समोरच्या इमारतीतली सगळी तावदानं बंद, आतून धुरकटलेली. एक बाई गॅलरीत स्वेटरवर शाल, शालीवर टॉवेल अशा थाटात कपडे वाळत घालत होती.

“थंडी ना, इकडेही तीच गत… नको वन्सं, मागच्या महिन्याचं अपील आता उकरून काढू नका. विजेचा हीटर लावला की तुमचा फ्यूज उडतो, फ्यूज उडाला की इंटरनेट जातं, सगळं मान्य. पण वीजही खेळाडूचीच… हो, नियम नऊ… मग यावर काही तोड काढलीत की नाही?… गॅसचा? गॅसचा हीटर? कुठून आणलात?… भाऊजींच्या मित्राच्या गोदामातून. पडून होता. बरं झालं की! ना वीज, ना फ्यूज. ऊब आहे ना आता?… मग झालं तर. बघा, नियम कडक असला की माणूस मार्ग काढतो.”

हे वाक्य तिला बोलता बोलता आवडलं. नव्या वर्षाच्या नियमपत्रिकेत वर घालता येईल असं वाटलं.

“काय म्हणालात?… आवाजाचं? तो समोरचा फरशी कापणारा ना? आठवतंय, न आठवायला काय झालं. गेल्या रविवारी त्याच्या यंत्रापुढे तुम्हाला ऐकून ओळखायचे प्रश्न ऐकूच आले नव्हते. सहा गुण गेले… मी काय निकाल दिला ते मला पाठ आहे: ‘बाहेरील आवाज हे कारण ग्राह्य नाही. खेळाडूने आपली खोली नीट बंद करून घ्यावी’… घेतली? आज येतोय का आवाज?… अजिबात नाही! कसं काय?… खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. चारी बाजूंनी. बाई बाई!… दाराखाली टॉवेल पण. आणि वरच्या झरोक्याला पुठ्ठा. वन्सं, तुम्ही म्हणजे ना, धन्य आहात. अख्ख्या मंडळात नियम कुणी वाचत असेल तर तुम्ही. बाकीचे नुसते मान्य आहे म्हणून बटण दाबतात.”

तक्त्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात नऊ मिनिटं उरली होती.

“भाऊजी काय म्हणतात?… तिथेच आहेत, त्याच खोलीत? अहो, दुसरं माणूस खोलीत… झोपलेत? मग चालतं. झोपलेल्या माणसाला नियम आठ लागत नाही, फक्त त्यानं झोपेत उत्तरं देऊ नयेत… भर सकाळी कसले झोपलेत पण?… पेपर वाचता वाचता खुर्चीतच. असू दे. मात्र घोरण्यावरून गेल्या वर्षी दंतवैद्यानं… काय?… घोरत नाहीयेत?”

पेन्सिल थांबली.

“अजिबात नाही?… किती वेळ?”

वन्संच्या नवऱ्याचं, भाऊजींचं घोरणं हा त्या कुटुंबाचा ठेवा होता. एकदा ते इथे दोन दिवस राहायला आले असताना खालच्या मजल्यावरच्या माणसानं पंप बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं, आणि तो बिचारा तासभर टाकीला कान लावून बसला होता. पस्तीस वर्षांच्या संसारात भाऊजी झोपलेत आणि शांतता आहे, असा प्रसंग कुणी सांगितला नव्हता. वन्संच म्हणायच्या, ‘यांचं घोरणं थांबलं की समजावं, जागे झाले.’

“वन्सं… भाऊजींना हाक मारा बरं जरा… का म्हणजे? सहज. मारा ना… मारली?… मोठ्यानं मारा… उठत नाहीत.”

आणि मग तिला पान चार आठवलं.

तीन आठवड्यांपूर्वी छापखान्यात एक माहितीपत्रक आलं होतं. कुठल्याशा शेगडीचं की हीटरचं, ते तिला सांगता आलं नसतं. तिची ख्याती अशी होती की ती ओळ न् ओळ वाचते आणि एकीचाही अर्थ डोक्यात शिरू देत नाही. अर्थामध्ये शिरलं की चुका निसटतात, असं ती नव्या लोकांना शिकवायची. पान चारवर चौकट होती. बंद जागेत वापरू नये. ज्योत निळी असावी, पिवळी ज्योत विषारी वायू सोडते. या वायूला रंग नाही, वास नाही. लक्षणे: डोकेदुखी, मळमळ, गुंगी, साध्या साध्या चुका. या शेवटच्या शब्दांखाली तिनं लाल रेघ ओढली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘कसल्या चुका? मोघम आहे. स्पष्ट करा.’

“वन्सं, त्या हीटरची ज्योत कशी आहे?… कशी म्हणजे, रंग. रंग कोणता?… नीट बघून सांगा… पिवळी… हो, छान दिसत असेल. वन्सं, मी काय सांगते ते ऐका आता. उठा. उठा आणि आधी खिडकी उघडा… अपिलाचं मागाहून बघू… अहो मागाहून! उठा तुम्ही… का नाही?”

फोन कानाशी धरून ती आधीच मागच्या खोलीकडे निघाली होती. चालता चालता तिनं ऐकलं, आणि तिचा पाय अडखळला.

“…नियम सहा. हो. मध्यंतरातही खुर्ची सोडणारा बाद. हो, मीच केलाय. कॅप्टन मध्यंतरात उठून कोश चाळायचा, म्हणून केलाय, तुमच्यासाठी नाही केलेला!… तुम्हाला बाद नाही करणार… शब्द देते… नाही चालत? का नाही चालत शब्द?… नियम सतरा. तोंडी निर्णय ग्राह्य नाही… हो, वन्सं, तोही माझाच.”

तिनं मागच्या खोलीचं दार ढकललं. नवऱ्यानं पाठ न वळवताच एक हात वर केला आणि दारावर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. ‘खेळ सुरू आहे. नियम १४.’ कागद तिनंच छापून दिला होता. त्याच्या मानेवर, खांद्यांवर, बसण्यात एक प्रकारचं तेज आलं होतं. अकरा वर्षांत प्रथमच तो ताईच्या पुढे होता, आणि तेही पंधरा गुणांनी. तिनं त्याच्या कानांवरचे हेडफोन ओढून काढले. एका हातानं फोन छातीशी दाबला.

“चष्मेवाल्याला फोन लावा. वन्संच्या खालचा, दुकान आहे ना त्याचं, त्यांच्या घराची किल्ली असते त्याच्याकडे. त्याला म्हणावं वर जा, दार उघड, दोघांना बाहेर काढ. मग रुग्णवाहिका. घरात गॅस साठलाय… नाही, तसला नाही, वास न येणारा… वास येत नाही तर मला कसं कळलं? अहो, तुमच्या बहिणीला तीसपैकी नऊ मिळालेत!”

त्यानं पडद्याकडे बघितलं. चोवीस. खाली, बरंच खाली, नऊ. त्याच्या तोंडावरचं तेज ओल्या फडक्यानं फळा पुसावा तसं गेलं. तो उठला तेव्हा खुर्ची उलटली, ती तशीच राहिली.

“हॅलो, वन्सं?… आहे, आहे, इथेच आहे. तुम्ही बोलत राहा… नाही, झोपायचं नाही. ‘जरा डोळे मिटते’ नाही. वन्सं! डोळे उघडे ठेवा. मला सांगा, टेबलावर काय काय आहे तुमच्या?… काय?… भावाला जिंकवायला मी तुम्हाला खुर्चीवरून उठवतेय? भाऊ गेला खड्ड्यात!… हो, तुमचाच भाऊ, आणि माझाच नवरा, दोन्ही गेले!… लेखी पाहिजे. लेखी देते. आत्ता देते. तुमच्यासमोर पडदा आहे ना? सूचनाफलकाकडे बघा. बघताय?”

ती आपल्या टेबलाशी परत आली आणि उभ्यानंच टाइप करायला लागली. फोन मान आणि खांद्यात. दोन बोटांनी. अकरा वर्षांत त्या फलकावर तिची वेलांटी चुकली नव्हती. आज काना गळत होता, उकार चुकत होते आणि तिला ते दिसतही नव्हतं. *नियम २३. जो खेळाडू आत्ताच्या आत्ता उठून खिडकी उघडेल त्यला पाच गूण. तात्काळ लागु.* तिनं बटण दाबलं.

“आलं? दिसतंय? वाचा… तेविसावा… नाही, बावीसच होते, खरंय. आजच झाला तेविसावा. वाचा ना… वाचता येत नाही. बरं. बरं, मी वाचून दाखवते. खिडकी उघडली की पाच गुण. लेखी आहे. सगळ्यांना दिसतंय. आता तुम्ही उठलात तर बाद नाही, उलट पाच गुण जास्त.”

फलकावर भराभरा उत्तरं उमटायला लागली. एरवी या मंडळाला साधं ‘शुभेच्छा’ लिहायला दोन दिवस लागत. *उघडली.* *उघडली, गुण कधी जमा होतील?* *उघडली, फार गार आहे.* कॅप्टननं दोन खिडक्या उघडल्या होत्या आणि दहा मागत होता. दंतवैद्यानं विचारलं होतं, दवाखान्याला खिडकी नाही, दार चालेल का. विमावाल्यानं, दोन वर्षांनी, तिला उद्देशून पहिलाच शब्द लिहिला होता: *उघडली.* बघता बघता एकोणतीस माणसांनी, जिथे कुठे होती तिथे, कडाक्याच्या थंडीत आपापल्या खिडक्या सताड उघडल्या होत्या.

“पाच कमी आहेत? दहा घ्या… सातवा? सातवाही दिला… हो, दिला. बरोबर होतं तुमचं. वाळवंटच बरोबर. सरोवर आहे ते वाळवंट, वन्सं, खोल आहे, फार खोल आहे. मी पंच म्हणून सांगतेय… आता उठता का?… शाब्बास. टेबलाला धरा… पाय? पाय आहेत हो जागेवर, लागतील ते कामाला. धरून धरून… बसू नका! वन्सं, खाली बसायचं नाही. दोन पावलं आहेत तुमच्यापासून, मी पाहिलीय खोली… भाऊजींना हलवू नका आत्ता. आधी खिडकी. मग भाऊजी. आधी खिडकी…”

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. दुसरा फोन त्याच्या कानाशी. त्यानं मान हलवली, नाही. उचलत नाहीये. मग पुन्हा लावला. रविवारी सकाळी चष्मेवाल्याकडे गर्दी असते. समोरच्या गिऱ्हाइकाला ‘हे स्पष्ट की ते स्पष्ट’ विचारत असताना तो फोन उचलत नाही, हे तिला वन्संकडूनच माहीत होतं.

“पोचलात? हाताला लागली काच?… मग ओढा… चिकटपट्टी. निघत नाही. कोपरा शोधा, नखानं… कोपरा सापडत नाही.” तिनं डोळे मिटून घेतले. वन्संनी लावलेली चिकटपट्टी. तीस वर्षं वर्गात नकाशे लावलेल्या बाईची. पडदा पडेल, भिंत पडेल, नकाशा पडायचा नाही. “राहू द्या ती. काच फोडा… फोडा, म्हणतेय मी… कशानं म्हणजे… चषक! चषक आहेत ना तिथे शेजारी मांडलेले? चार आहेत. त्यातला मोठा घ्या, दगडी बुडाचा, दुसऱ्या वर्षीचा… खराब होऊ दे. मी नवा देईन. मी चार नवे देईन… उचला… वन्सं? उचललात?”

काही नाही. नुसता श्वास, तोही लांबून, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

“वन्सं, ऐका. तुम्हाला आठवतं, पहिल्या वर्षी तुम्ही मला काय म्हणाला होतात? म्हणाला होतात, ‘तुला माणसं कळत नाहीत गं, चुका तेवढ्या कळतात.’ मी महिनाभर धुसफुसत होते… ऐकताय? मारा तो चषक. माझ्या डोक्यात घालताय असं समजा आणि मारा!”

पडद्यावरचं घड्याळ मिनिटावर आलं होतं.

फोनमधून एक धप्प आवाज आला. लाकडावर काहीतरी आपटल्याचा. मग काही नाही. नवरा एकदम बोलायला लागला होता, चष्मेवाल्यानं उचलला होता. ‘गिऱ्हाईक राहू दे, गिऱ्हाईक राहू दे’ एवढं तो तीनदा म्हणाला, आणि मग नुसताच ऐकत राहिला, जिना चढणाऱ्या माणसाच्या धापा ऐकाव्यात तसा. तिनं त्याला हातानं गप्प केलं. फोन कानात रुतेल इतका दाबला.

पुन्हा एकदा काहीतरी आपटलं. या वेळी त्याला खळकन शेपूट होतं.

आणि तो आवाज आला. कर्कश, दात आंबवणारा, दगडातून पातं जाताना निघतो तो. गेल्या रविवारी वन्संनी तिला याच फोनवर सव्वा मिनिट ऐकवलेला. ‘ऐक, ऐक गं, असं कुणी खेळू शकेल का, तूच सांग.’ तेव्हा तिनं फोन कानापासून दूर धरला होता.

“येतोय!” ती ओरडली. “वन्सं, येतोय ऐकू! आला आवाज!… हो हो, फार मोठा आहे. असं कुणी खेळूच शकत नाही. मी म्हणतेय, नाहीच शकत… मान्य आहे. वन्सं, अपील मान्य. सहाच्या सहा गुण… ऐकलंत का? अपील मान्य! तोंड खिडकीशी धरा, बाहेर… वन्सं?”

यंत्र चालू होतं. फरशी संपत आली की त्याचा सूर चढायचा, तसा चढला, आणि पुढच्या फरशीसाठी थांबला. त्या थांबण्यात कुणीतरी खोकलं. एकदाच. ओलं, खोलवरून आलेलं.

“कोण ते?… कोण खोकलं? तुम्ही की भाऊजी?… वन्सं, दोघांपैकी कोण?… बोला ना… नुसतं हं म्हणा…”

दार उघडल्यासारखं वाटलं. टॉवेल फरफटला असावा. कुणीतरी पुरुषी आवाजात काहीतरी म्हणालं, आणि तेवढ्यात यंत्र पुन्हा सुरू झालं.

मग ते सगळंच बंद झालं. फोन तुटला होता.

तिनं पुन्हा लावला. लागेना. पडद्यावर दुसरा डाव आपला आपण सुरू झाला होता, पहिला प्रश्न आला होता आणि तीस सेकंद उलटी पळत होती. तीस जणांची उत्तरं आलेली. दोन यायची होती. त्यांतला एक जण तिच्यासमोर दाराच्या चौकटीला धरून उभा होता, कानाशी फोन, रुग्णवाहिकेला ताईचा पत्ता दुसऱ्यांदा सांगत होता, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

तिनं पुन्हा लावला.

“हॅलो?… हॅलो?… कोण बोलतंय?”